राइड-ऑन मॉवरचा कटिंग डेक: कट बिघडला तर आधी काय बघायचं आणि हात कुठे घालायचा नाही

मंगल कार्यालयांची लॉन्स, आयटी पार्क, रिसॉर्ट, शाळांची ग्राउंड, सगळीकडे आता राइड-ऑन (बसून चालवायचे) आणि झिरो-टर्न (जागच्या जागी वळणारे) मॉवर दिसायला लागलेत. मशीन देणारा माणूस डेमोच्या दिवशी लिव्हर कशा ढकलायच्या ते दाखवून जातो, ऑपरेटर दोन तासात शिकतोही, पण खालच्या डेकबद्दल कोणी काही बोलत नाही आणि खरं काम तर तोच करत असतो.

डेक म्हणजे मशीनच्या पोटाखालचा जाड पत्र्याचा उलटा डबा, कमर्शियल मशीनला तो साधारण ४८, ५२, ६० इंची असतो आणि आत बहुतेक तीन ब्लेडं. प्रत्येक ब्लेडला वर स्पिंडल म्हणजे बेअरिंगवर फिरणारा उभा दांडा, स्पिंडलवर पुली आणि सगळ्या पुल्यांना फिरवणारा एकच लांब बेल्ट. तो बेल्ट पीटीओ क्लचवरून चालतो, म्हणजे इंजिनची ताकद ब्लेडांना जोडणाऱ्या क्लचवरून, सीटजवळचं ते पिवळं किंवा लाल बटण वर ओढलं की.

माझं म्हणणं एकच आहे, कट खराब दिसायला लागला की लगेच डेक ज्यांवर लटकतो त्या चेनला पाना लावू नका. आधी टायरची हवा, मग ब्लेड, मग बेल्ट आणि शेवटी डेकची लेव्हल. बहुतेक वेळा पहिल्या दोनातच काम होतं आणि जे उलट क्रमाने जातात ते दर आठवड्याला लेव्हलच करत बसतात.

आधी सेफ्टी, कारण इथे चुकलं तर बाकीचं वाचून उपयोग नाही

अमेरिकन स्टँडर्डमध्ये ब्लेडच्या टोकाच्या वेगाला मर्यादा घातलीय, मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे ताशी जवळजवळ ३४७ किलोमीटर. कमर्शियल मशीन या मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ चालतात. त्या वेगाने सुपारीएवढा खडा उडाला तर समोरच्या गाडीची काच जाते, माणूस असला तर विचारच करायला नको. म्हणून डेकच्या बाजूच्या, गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडावरची ती प्लास्टिक किंवा रबरची झडप तारेने वर बांधून ठेवायची नाही. 'गवत मोकळं पडतं' म्हणून बरेच जण बांधतात, आणि शाळेच्या ग्राउंडवर असं बघितलं की अंगावर काटा येतो राव.

पीटीओ बंद केला म्हणजे ब्लेड थांबलं असं नाही. अमेरिकेत १९८२ पासून ढकलायच्या घरगुती मॉवरला नियम आहे की हँडल सोडल्यावर ३ सेकंदात ब्लेड थांबलं पाहिजे, पण राइड-ऑनच्या जड डेकला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. आवाज पूर्ण बंद होईपर्यंत सीटवरून उठायचं नाही.

सीटखाली एक स्विच असतो, ऑपरेटर उठला की इंजिन बंद पाडणारा. खड्ड्यात मशीन उडालं की इंजिन बंद पडतं म्हणून वायर जोडून हा स्विच बायपास केलेली मशीन सर्रास फिरतात. तुमच्याकडे तसं असेल तर आजच काढा. तपासायचं सोपं आहे, मोकळ्या जागी सीटवर बसून इंजिन चालू, पीटीओ चालू, आणि खाली न उतरता सीटवरून थोडं वर उठायचं. इंजिन बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर मशीन कामावर नेऊ नका.

उतारावर बहुतेक कंपन्या १५ अंशांच्या वर जाऊ नका म्हणतात, म्हणजे १ मीटर अंतराला साधारण २७ सेंटीमीटर चढ, जो डोळ्यांना फारसा वाटतही नाही. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप फळीवर ठेवून एकदा मोजून बघा. तळ्याच्या, स्विमिंग पूलच्या किंवा रिटेनिंग वॉलच्या कडेला मशीनच्या रुंदीच्या दुप्पट जागा सोडायची आणि तेवढा पट्टा हाताच्या मशीनने कापायचा. रोल-बार (मशीन उलटलं तर माणसाला वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान) उभा असेल तर सीटबेल्ट लावायचाच, पण बार आडवा पाडला असेल तर लावायचा नाही, कारण मशीन उलटलं तर बेल्टने बांधलेला माणूस खालीच राहतो. बार मात्र फांद्यांखालून जायचं असेल तेवढ्यापुरताच पाडायचा.

सुरू करायच्या आधी एक फेरी पायी

लग्नाचा सीझन असलेल्या लॉनवर तर ही फेरी पाहिजेच. मांडववाले खुंट्या, बाइंडिंग वायरचे तुकडे, खिळे, डेकोरेशनच्या पिना सगळं सोडून जातात. गणपती-नवरात्रानंतरच्या सोसायटी ग्राउंडवरही तेच. खाली न गेलेले किंवा अर्धवट वर राहिलेले स्प्रिंकलरचे पॉपअप आणि ड्रिपची नळी बघून ठेवा.

आणि संक्रांतीनंतर मांजा! याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. नायलॉन मांजा दिसत नाही, ब्लेड तो ओढून घेतं आणि ब्लेडच्या वर स्पिंडलला गुंडाळत जातं, तो सील कापतो, ग्रीस बाहेर येतं, धूळ आत जाते आणि मग बेअरिंग ओरडायला लागतं. जानेवारी-फेब्रुवारीत डेक साफ करताना प्रत्येक स्पिंडलच्या बुडाशी मांजा नीट शोधून कापून काढा.

चालवताना

पीटीओ मध्यम थ्रॉटलला आणि कमी गवतावर टाका, मग थ्रॉटल पूर्ण करा. कापणी कायम पूर्ण थ्रॉटलला, वेग कमी करायचा असेल तर चाकांचा कमी करा. डिझेल-पेट्रोल वाचवायला थ्रॉटल कमी ठेवून कापलं तर ब्लेडचा वारा कमी पडतो, गवत उभं राहत नाही आणि मागे न कापलेल्या रेषा राहतात.

बहुतेक डेक गवत उजवीकडे फेकतात. पार्किंग, रस्ता किंवा काचेची भिंत शेजारी असेल तर कडेच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मारा म्हणजे फेक लॉनच्या आत पडते, त्यानंतर उलट फिरा म्हणजे गवत कापलेल्या भागावर पडतं आणि पुन्हा पुन्हा तेच चिरत बसावं लागत नाही. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. पावसाळ्यात दहा दिवस खाडा झाला की मालक म्हणतो एकदम बारीक करा, पण बुडाचा पांढरा भाग उघडा पडून लॉन पिवळं दिसतं आणि शिव्या आपल्यालाच. दोनदा कापा, मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या.

रिव्हर्स घेताना ब्लेड बंद. तोंडात गवत अडकलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात आणि मग काठीने काढायचं. हात नाही, पाय तर नाहीच.

ब्लेड

ब्लेड बोथट झाल्याची खूण लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी लॉनवर तपकिरी झाक येते. गवताचं पातं जवळून बघितलं तर टोक कापलेलं नाही, फाटलेलं असतं. रोज कामावर असलेल्या मशीनची ब्लेडं रोज बघायची आणि साधारण ८-१० तासांच्या कामानंतर धार लावायची, मुरमाड जमिनीवर त्याहून लवकर.

काढताना चावी काढा, स्पार्क प्लगच्या वायरी काढा, पार्किंग ब्रेक लावा. मशीन जॅकवर उचललं तर खाली लोखंडी स्टँड पाहिजेतच, नुसत्या जॅकवर किंवा हायड्रॉलिक लिफ्टवर विश्वास ठेवून खाली शिरायचं नाही. जाड हातमोजे घाला. आणि हे नीट लक्षात ठेवा, एक ब्लेड हाताने फिरवलं की बेल्टमुळे बाकीचीही फिरतात. एकजण नट सोडतोय आणि दुसरा पलीकडे गवत खरवडतोय असं कधीच नको. ब्लेड अडवायला लाकडी ठोकळा लावा.

धार मूळ कोनातच, साधारण ३० अंश, आणि फक्त वरच्या बाजूने. ग्राइंडरवर दाबून धरलं आणि कड निळी पडली की तिथलं पाणी म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला समजा, ती कड दोन दिवसात बोथट होणार. थोडं थोडं घासा, थंड होऊ द्या, शेवट कानशीने करा. मग बॅलन्स, भिंतीतल्या खिळ्यावर ब्लेडचं मधलं भोक अडकवून बघा, जी बाजू खाली जाते ती मागच्या, वर वळलेल्या पंखाच्या टोकाकडून थोडी घासा, धारेकडून नाही. बॅलन्स नसलेलं ब्लेड स्पिंडलचं बेअरिंग खातं.

वाकलेलं ब्लेड ओळखायला टोकाची जमिनीपासून उंची मोजा, ब्लेड अर्धं फिरवून त्याच जागी दुसरं टोक मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर एकतर ब्लेड वाकलंय नाहीतर स्पिंडल. वाकलेलं ब्लेड हातोड्याने सरळ करू नका, तडा गेलेल्याला वेल्डिंग मारू नका, सरळ भंगारात. बसवताना पंख वर, डेकच्या आतल्या बाजूला. उलटं बसवलं तर ते गवत फक्त झोपवत जातं. नट टॉर्क रेंचनेच, आकडा मॅन्युअलमधून घ्या कारण कंपनीप्रमाणे बराच फरक असतो.

लेव्हल

आता इथे आलो. मशीन सिमेंटच्या सपाट कोब्यावर, पेव्हर ब्लॉकवर नको. आधी हवा, बऱ्याच झिरो-टर्नच्या मागच्या टायरला १२-१५ पीएसआयच लागते, पंक्चरवाला सवयीने कारसारखी ३० मारून देतो आणि एका बाजूला कमी-जास्त झाली की अख्खा डेक तिरका. मग डेक कापायच्या उंचीच्या ३ इंचाच्या खाचेत, इंजिन बंद, चावी आणि प्लगच्या वायरी काढलेल्या.

बाहेरची दोन्ही ब्लेडं आडवी करा आणि डावीकडचं-उजवीकडचं बाहेरचं टोक जमिनीपासून मोजा. डेकच्या कडेपासून मोजू नका, कड ठोकर लागून वाकलेली असते, गवत ब्लेड कापतं. फरक ३ मिमीच्या आत हवा. नंतर ब्लेड पुढे-मागे करा, पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिमी खाली पाहिजे. पुढे थोडं झुकलेलं असलं की गवत पुढेच एकदा कापलं जातं, मागचं टोक तेच पुन्हा घासत नाही आणि इंजिनवर लोड येत नाही. पुढचं टोक वर असेल तर कट केसाळ दिसतो.

बदल करायचा तर डेकच्या कडेखाली एकसारखे लाकडी ठोकळे ठेवून डेक त्यांवर टेकवा, लॉकनट सैल करा, ॲडजस्ट करा, परत घट्ट. शेवटी ठोकळे काढून चारही चेनवर ताण आहे ना ते हाताने बघा, एक चेन लोंबत असेल तर डेक तीनच पायांवर उभा आहे. आणि पुन्हा मोजा. कापायची उंची बदलली की डेकची छोटी चाकंही बदलायची, ती जमिनीपासून १०-२० मिमी वर हवीत, उंचवट्यावर डेक खरवडू नये म्हणून आहेत, मशीनचं वजन पेलायला नाही.

बेल्ट, ग्रीस, धुणं

बेल्ट चकाकत असेल, कडेने धागे निघाले असतील किंवा पीटीओ टाकल्यावर किंचाळत असेल तर बदला. वरून स्प्रे मारून भागवू नका. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली पुली आतून आणि कुठली बाहेरून ते नंतर आठवत नाही. टेन्शनची स्प्रिंग बोटाने सोडवू नका, आयडलरच्या (बेल्टला ताण देणाऱ्या पुलीच्या) आर्मला बहुतेक चौकोनी भोक असतं, त्यात लांब रॅचेट घालून सैल करा.

स्पिंडलला ग्रीस भरायचं निपल असेल तर पुसून मग एक-दोन पंप ग्रीस, पुरे. जास्त मारलं तर सील बाहेर येतो. काही स्पिंडल सीलबंद असतात, तिथे निपलच नसतं.

पावसाळ्यात डेकच्या आत ओल्या गवताचा थर बसतो, वाळला की खुरप्यालाही ऐकत नाही आणि खालून पत्रा गंजतो. रोज काम संपल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. कार वॉशिंगचं प्रेशर स्पिंडलवर, बेल्टवर आणि क्लचवर मारू नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. धुतलंच तर नंतर मोकळ्या जागी पाच मिनिटं ब्लेड चालवून वाळवा. वरच्या कव्हरखाली पुल्यांभोवती सुकं गवत साठतं ते ब्रशने काढा, गरम इंजिनजवळ ते पेटतं.

काम चालू असताना अचानक थरथर सुरू झाली तर 'हा पट्टा संपवून बघू' नको. तिथेच थांबवा, बंद करा आणि खाली बघा, ब्लेडचा तुकडा उडाला असेल किंवा नट सैल असेल. गाडीत एक सेट धार लावलेली ब्लेडं आणि एक बेल्ट ठेवाच, बेल्टचा नंबर डेकच्या कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा कारण जुन्या बेल्टवरचा पुसलेला असतो.