हशा नेमका कुठे पिकला? स्वतःचे रेकॉर्डिंग ऐकणाऱ्या नवख्यांसाठी

स्टँड-अपच्या पहिल्या ओपन माइकच्या, म्हणजे नवख्यांनाही काही मिनिटे मंचावर विनोद करून पाहता येतात अशा कार्यक्रमाच्या रात्री डेक्कनहून कोथरूडला जाणाऱ्या बसमध्ये मी कानात हेडफोन घातले, स्वतःच्या पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग सुरू केले आणि नळ स्टॉप यायच्या आत ते बंदही केले. तेवढ्या वेळात मला दोन गोष्टी ऐकू आल्या होत्या: पिपाणीसारखा एक आवाज, जो माझा होता, आणि एक शांतता, जी कॅफेतून बाहेर पडताना माझ्या आठवणीत अजिबात नव्हती. पुढचे दोन आठवडे मी त्या फाइलकडे फिरकले नाही. या गोष्टीला आता दीड वर्ष झाले आहे, माझ्याकडे बासष्ट रेकॉर्डिंग जमली आहेत आणि मी अजूनही नवखीच आहे. दिवसा एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करते आणि आठवड्यातून एकदा-दोनदा पुण्यातल्या कुठल्या तरी कॅफेच्या कोपऱ्यात माइकसमोर उभी राहते. तरीही रेकॉर्डिंग कसे ऐकावे हे मला कोणी सुरुवातीलाच सांगितले असते, तर माझे पहिले सहा महिने वाया गेले नसते, म्हणून हे लिहीत आहे.

आधी आवाजाचे, कारण बहुतेक जण तिथेच गळतात. आपण बोलत असताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी पोहोचतो. एक वाट हवेतून कानात येते आणि दुसरी कवटीच्या हाडांतून थेट अंतर्कर्णात जाते. हाडांच्या वाटेने खर्जातले सूर अधिक येतात, त्यामुळे स्वतःचा आवाज स्वतःला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला आवाज उरतो आणि तो परका, पातळ वाटतो. जगाला तुमचा हाच आवाज आजवर ऐकू येत आला आहे आणि त्यापायी कोणी तुमच्याशी बोलणे टाकलेले नाही. सात-आठ रेकॉर्डिंगनंतर मला त्याचे काही वाटेनासे झाले. त्यानंतरच खरे काम सुरू झाले, कारण रेकॉर्डिंग स्वतःचे बोलणे ऐकण्यासाठी करायचेच नसते. आपले वाक्य संपल्यावर, आणि पुष्कळदा ते संपण्याच्या आधी, खोलीत काय होते हे ऐकण्यासाठी ते करायचे असते.

त्यासाठी फोन कुठे ठेवला आहे याला फार महत्त्व आहे. मी पहिल्यांदा तो जीन्सच्या खिशात ठेवला होता आणि त्यात माझ्या शब्दांपेक्षा कापडाची खसखस अधिक होती. दुसऱ्या खेपेला मैत्रिणीच्या टेबलावर ठेवला. ती बिचारी प्रत्येक वाक्याला मनापासून हसली आणि ते ऐकून मला वाटले की मी कॅफे डोक्यावर घेतला. तिसऱ्या खेपेला सेटच्या, म्हणजे माझ्या वाट्याच्या सादरीकरणाच्या, मधोमध घरून फोन आला आणि रेकॉर्डिंग तिथेच तुटले. तेव्हापासून एअरप्लेन मोड लावल्याशिवाय मी फोन खाली ठेवत नाही. आता मी फोन मागच्या बाजूला, स्पीकर आणि एसीपासून दूर, ओळखीचे कोणी बसलेले नाही अशा टेबलाच्या कडेला ठेवते. आणखी एक फसवणूक लक्षात ठेवावी. अनेक फोन रेकॉर्डिंग करताना आवाजाची पातळी आपोआप सांभाळतात, म्हणजे बारीक आवाज वर उचलतात आणि मोठा आवाज दाबतात. परिणामी शांततेतले एकाचे खिदळणे मोठे ऐकू येते आणि खोलीभर पिकलेला हशा बेताचा वाटतो. म्हणून हशा किती मोठा होता हे मोजण्यापेक्षा तो किती सेकंद टिकला आणि त्यात किती वेगवेगळे आवाज होते, हे पाहावे.

ऐकण्याची वेळही मी अनुभवाने ठरवली. त्याच रात्री ऐकले तर आपण एक तर हवेत असतो किंवा खड्ड्यात, आणि दोन्ही ठिकाणांहून नीट ऐकू येत नाही. आठवड्याने ऐकले तर कोण कुठे बसले होते हेच विसरलेले असते. मी त्या रात्री फक्त तीन ओळी लिहिते: लोक कुठे हसले, विनोद कुठे पडला, मी कुठे वाक्य विसरले. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकते आणि त्या तीन ओळींशी ताडून पाहते. सुरुवातीला या दोन्हींचा मेळ जवळजवळ कधीच बसत नसे. एकदा वहीत मी मोठ्या अभिमानाने लिहिले होते की पासपोर्टच्या फोटोवरचा विनोद सर्वांत जोरात गेला. सकाळी ऐकले तेव्हा कळले की त्याच क्षणी वेटरच्या हातून ट्रे पडला होता आणि तो सगळा हशा, टाळ्यांसकट, ट्रेचा होता. त्या भ्रमात मी तो विनोद पुढच्या दोन ठिकाणी आणखी लांबवला असता.

यापुढचे काम कंटाळवाणे आहे आणि सर्वांत लाभाचेही तेच आहे. सेटमधला निदान एक तुकडा शब्दशः उतरवून काढावा; जसा लिहिला होता तसा नव्हे, तर प्रत्यक्ष तोंडातून जसा बाहेर पडला तसा. माझ्या आईवरचा एक तुकडा मी पहिल्यांदा उतरवला तेव्हा कागदावर हे आले: ‘माझी आई ना, म्हणजे सगळ्यांच्याच आया अशा असतात, पण माझी आई ना, ती “मी काही बोलत नाही” असं म्हणते आणि मग चाळीस मिनिटं बोलत बसते, म्हणजे थांबतच नाही ती.’ लिहिताना हे वाक्य असे नव्हते, ते भीतीने फुगले होते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट तिसऱ्यांदा ऐकताना सापडली. ‘चाळीस मिनिटं’ हे शब्द येताच डावीकडची एक बाई हसू लागली होती, आणि त्यापुढचे ‘बोलत बसते, म्हणजे थांबतच नाही ती’ हे मी तिच्या हसण्यावर ओतले होते. ती गप्प झाली; तिच्या पाठोपाठ जे हसले असते, ते हसलेच नाहीत.

मराठीत विनोद करणाऱ्यांना हा अडथळा वारंवार लागतो, आणि इंग्रजी विनोदकारांचे सल्ले वाचून त्यावर उपाय मिळत नाही. धक्का देणारा शब्द वाक्याच्या अगदी शेवटी ठेवावा, असा नियम सगळेच सांगतात. पण आपल्या वाक्याच्या शेवटी क्रियापद येऊन बसते. धक्का आधी येऊन जातो आणि मागून ‘होता’, ‘असं म्हणाला’, ‘करत बसते’ अशी शेपटे वळवळत राहतात. सुदैवाने बोली मराठी याबाबत फार लवचीक आहे. ‘असं म्हणाली’ हे वाक्याच्या शेवटून उचलून ‘आई म्हणाली’ असे पुढे आणता येते, आणि कित्येकदा क्रियापद गाळले तरी कोणाचे काही अडत नाही. तो तुकडा आता असा आहे: ‘आई म्हणाली, “मी काही बोलत नाही.” मी घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं.’ आणि मी थांबते.

त्याला जोडलेले पुढचे वाक्यही रेकॉर्डिंगनेच सुधारले. आई मध्ये एकदा श्वास घ्यायला थांबली, तर ‘बाबांना वाटलं, आपली पाळी आली’, असे मी म्हणत असे. हशा येत होता म्हणून मी खूश होते. पण नीट ऐकल्यावर तो मागच्या टेबलावरच्या कॉलेजच्या मुलींचा होता आणि त्याचा सूर काही वेगळाच होता. बाबांची पाळी येण्यातली गंमत माझ्या ध्यानीमनीही नव्हती. आता ‘आपला नंबर लागला’ असे म्हणते. हशा थोडा कमी झाला आहे, पण तो बाबांवरचा आहे.

थांबणे ही मात्र उतरवून काढण्याने साधणारी गोष्ट नाही. रेकॉर्डिंगवरचे सेकंद पाहिले तर पहिले अनेक महिने मी हशा सुरू झाल्यावर एका सेकंदाच्या आतच पुढचे वाक्य सुरू करत होते, कारण मंचावरचा एक सेकंद एसटीच्या रांगेतल्या तासाइतका लांब वाटतो. आमच्या घरी वडिलांनी जपून ठेवलेल्या कथाकथनाच्या कॅसेट होत्या. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव जाऊन रुजवलेला हा प्रकार आमच्या स्टँड-अपचा सख्खा काका आहे, असे मला वाटते, आणि त्याचा अभ्यास न करता परदेशी व्हिडिओच पाहत बसण्यात आपले नुकसान आहे. त्या कॅसेट मी पुन्हा ऐकल्या, या वेळी फक्त हशांसाठी. सांगणारा हशा पूर्ण विरण्याची वाट पाहत नाही. तो ओसरू लागला की पुढचा शब्द टाकतो, म्हणजे खोली थंड होत नाही आणि कोणाचे हसू कापलेही जात नाही. हे कळायला एक संध्याकाळ पुरली. अंगवळणी पडायला अजून वेळ आहे.

भरतीच्या शब्दांबाबत मात्र मी एक चूक केली, ती तुम्ही टाळावी. एका पाच मिनिटांच्या सेटमध्ये मी एकतीस वेळा ‘म्हणजे’ म्हटले होते. लाज वाटून मी ‘म्हणजे’, ‘ना’, ‘तर’ हे सगळेच काढून टाकले आणि पुढच्या आठवड्यातले रेकॉर्डिंग आकाशवाणीच्या बातम्यांसारखे ऐकू आले. लोक लक्षपूर्वक ऐकत होते आणि कोणी हसत नव्हते. ‘आई ना’ मधला ‘ना’ हा समोरच्याला जवळ ओढणारा शब्द आहे. विनोदाच्या आधी तो राहू द्यावा. धक्क्याच्या शब्दाला चिकटला असेल तेवढाच काढावा.

हिशेबाची सवय असल्यामुळे मी प्रत्येक विनोदापुढे शून्य ते तीन असा आकडा लिहिते: शांतता असेल तर शून्य, एखाद-दुसरा हसला तर एक, खोली हसली तर दोन, आणि मला बोलणे थांबवावे लागले तर तीन. त्याच्या शेजारी माझा क्रमांक कितवा होता आणि समोर साधारण किती जण होते, हेही लिहिते, कारण त्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. ओपन माइकला समोर बसलेल्यांत निम्मे तर आपल्यासारखेच आपल्या नंबराची वाट पाहत फोनमध्ये ओळी घोकणारे असतात. चौदाव्या क्रमांकावर अशा खोलीत मिळालेला ‘एक’ हा तिसऱ्या क्रमांकावरच्या ‘दोन’पेक्षा मोलाचा असू शकतो. म्हणून चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी शून्य आल्याशिवाय मी विनोद टाकत नाही, आणि एकाच ठिकाणी तीन मिळाला म्हणून त्यावर विश्वासही ठेवत नाही.

व्हिडिओ फार लवकर सुरू करू नये, असे माझे मत आहे, कारण चेहरा दिसू लागला की कान बंद होतात. मी पाचव्या महिन्यात तो सुरू केला आणि पहिल्यांदा आवाज बंद करून पाहिला. पाच मिनिटे माइकची वायर बोटाला गुंडाळत, रिकामा स्टँड स्वतःच्या पुढ्यातच ठेवून, फक्त उजव्या बाजूच्या टेबलांशी बोलणारी एक बाई दिसली. स्टँड मागे सरकवायला दोन सेकंद लागतात.

रेकॉर्डिंगला आयोजकांची हरकत नाही ना, हे आधी विचारावे. फोन फक्त स्वतःच्या सेटपुरताच चालू ठेवावा, कारण दुसऱ्यांचे कच्चे विनोद ही त्यांची मालमत्ता असते. आणि पहिल्या वर्षातले काही इंस्टाग्रामवर टाकण्याची घाई करू नये, कितीही मोह झाला तरी.

जुन्या फाइली मात्र पुसू नयेत. मागच्या महिन्यात मी धीर करून बसमधले ते पहिले रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकले. चौथ्या मिनिटाला, जिथपर्यंत मी तेव्हा पोहोचलेच नव्हते, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा एक विनोद आहे, जो मी त्यानंतर पुन्हा कधी केला नाही: अध्यक्षांनी ग्रुपवर लिहिले की दोन दिवस पाणी येणार नाही, आणि सत्तेचाळीस जणांनी जोडलेले हात पाठवले. त्यावर एक हसू आहे, लांबचे, अनोळखी पुरुषाचे, पुरते दोन सेकंद टिकलेले, आणि त्याच्यावर माझी नेहमीची शेपटी पडलेली. शेपटी कापून, ‘देवाला की टँकरवाल्याला?’ एवढे जोडून मी तो विनोद पुन्हा सुरू केला आहे. गेल्या गुरुवारी अकराव्या क्रमांकावर त्याला एक मिळाला, आणि तोही सूत्रसंचालकाकडून.