विंडोजला हात न लावता लिनक्स, घरच्या एकाच लॅपटॉपवर

फोंडा-डिचोलीकडे अजून बऱ्याच घरांत लॅपटॉप एकच असतो, त्यावरच बाबांच्या दुकानाचा हिशेब, ताईचे फॉर्म, आणि आता कॉलेजात लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) आलं म्हणून धाकट्याला ते पण हवंय. अशा लॅपटॉपवर ड्युअल बूट, म्हंजे एकाच डिस्कचे भाग पाडून विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकणं, करू नका हे माझं सरळ मत, पार्टिशन करताना एक क्लिक चुकलं आणि हिशेब गेला तर घरात काय ऐकावं लागेल ते सांगायला नको. त्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, ते विंडोजच्या आत एक खोटा कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन, म्हंजे व्हीएम) बनवतं आणि लिनक्स त्यातच एका खिडकीत चालतं.

आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा, खाली व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड दिसतंय का बघा. डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावं लागतं, इंटेलला व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी किंवा व्हीटी-एक्स असं काहीतरी लिहिलेलं असतं, एएमडीला एसव्हीएम मोड.

मग लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) ३ जीबीच्या आसपास आहे. उबुंटू हा दुसरा प्रकार दिसायला छान पण ८ जीबी रॅमच्या मशीनवर व्हीएममध्ये जड पडतं, उगाच हट्ट नको.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये न्यू दाबून आयएसओ निवडा, आणि अनअटेंडेड (आपोआप होणारं) इन्स्टॉलेशन स्किप करायची टिक दिसली तर ती करून टाका, स्वतः इन्स्टॉल केलेलं बरं. आता रॅम, इथेच सगळे घोळ घालतात. ८ जीबी असेल तर लिनक्सला ३ ते ४ जीबी द्या, जास्त नाही, कारण व्हीएम चालू असताना ती रॅम विंडोजच्या वाट्यातून जाते आणि विंडोज गुदमरलं की लिनक्स पण रखडतं. प्रोसेसर २ पुरे. डिस्क ३० जीबी सांगा, डायनॅमिक असेल तर फाइल आधी छोटीच असते, लागेल तशी वाढते, पण आतलं डिलीट केलं म्हणून आपोआप परत लहान होत नाही हे ध्यानात ठेवा. एसएसडी असेल तर व्हीएम तिच्यावरच ठेवा, जुन्या हार्ड डिस्कवर जीव जातो.

स्टार्ट केलं की मिंटचा डेस्कटॉप येईल, त्यावरचं इन्स्टॉलचं आयकॉन दाबा. पुढे 'इरेज डिस्क' असं येतं आणि इथे भलेभले घाबरून कॅन्सल करतात. घाबरू नका, ती म्हंजे तुम्ही आत्ता बनवलेली ३० जीबीची खोटी डिस्क, विंडोजची खरी डिस्क आतल्या लिनक्सला दिसतच नाही. माउस आत अडकला तर उजवीकडचा कंट्रोल दाबा, सुटतो. आणि आत वायफाय शोधत बसू नका, नेट विंडोजकडूनच येतं, लिनक्सला ते वायर जोडल्यासारखं दिसतं.

स्क्रीन छोटीच राहत असेल तर डिव्हायसेस मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची (व्हर्च्युअलबॉक्सच्याच जादा ड्रायव्हर्सची, खोटी) सीडी घाला, ती रन करा, रीस्टार्ट करा. शेअर्ड फोल्डर, म्हंजे विंडोज आणि लिनक्स दोघांना दिसणारा, हवा असेल तर लिनक्समधला तुमचा युजर व्हीबॉक्स-एसएफ (vboxsf) ग्रुपमध्ये टाकून परत लॉगिन व्हा, नाहीतर फोल्डर दिसतो पण उघडत नाही. मराठी टायपिंगला कीबोर्ड सेटिंगच्या लेआउटमध्ये इंडियाखाली मराठी इनस्क्रिप्ट मिळतो, वेगळं काही डाउनलोड करायला नको.

सगळं नीट चाललं की लगेच व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक स्नॅपशॉट घ्या, म्हंजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवा. मग टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) काय वाट्टेल ते करा रे, बिघडलं तर स्नॅपशॉट रिस्टोर करायचा, दोन मिनिटांत सगळं पूर्ववत. फक्त त्याला बॅकअप समजू नका, लॅपटॉपची डिस्कच गेली तर स्नॅपशॉट पण गेला.

पावसात आपल्याकडे वीज कधी जाईल भरवसा नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी म्हंजे नावालाच. ढग गडगडायला लागले की व्हीएमची खिडकी बंद करताना 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडा, उघडलेल्या फाइलींसकट सगळं तिथल्या तिथे थांबतं. नंतर व्हीएमची रॅम बदलायला गेलात आणि सेटिंग करडी दिसली तर कारण हेच, आधी मशीन चालू करून नीट शटडाउन करा.

परीक्षा संपली, नको झालं, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीतल्या मशीनवर राइट क्लिक, रिमूव्ह, आणि सगळ्या फाइली डिलीट करा म्हणून सांगा. ३० जीबीतली जेवढी भरली होती तेवढी जागा परत मिळते, बाबांना पत्ताही लागत नाही.