चौकोनी कंसातलं ग्रीक

माझा पहिला निबंध एकाच शब्दावर उभा होता. दगडावर कोरलेल्या अथेन्सच्या एका प्राचीन ठरावातला शब्द, माझ्या म्हणण्याला चपखल बसणारा. त्यावर मी सहा पानं रचली. ग्रीकच्या बाईंनी वही परत देताना एवढंच विचारलं, "हा शब्द दगडावर आहे का गं?" छापील पाठात तो चौकोनी कंसात होता. म्हणजे दगडाचा तेवढा टवका केव्हाच उडाला होता आणि तिथे काय असावं हे नंतरच्या कुणा संपादकाने अंदाजाने भरलं होतं. मी त्या संपादकाचं ग्रीक वाचून अथेनियन लोकांबद्दल निष्कर्ष काढत बसले होते.

म्हणून ग्रीक शिलालेख वाचण्याच्या या वाटेला येणाऱ्यांना मी आधी छापील पाठातल्या खुणा पाठ करायला सांगते. १९३१ साली लायडेनमध्ये ठरलेले हे संकेत आजही चालतात. चौकोनी कंस म्हणजे दगडावर नाही. अक्षराखाली टिंब म्हणजे काहीतरी दिसतंय, पण खात्री नाही. दुहेरी चौकोनी कंस म्हणजे त्या काळीच कुणीतरी मुद्दाम खोडलेला मजकूर. टोकदार कंस म्हणजे कोरणाऱ्याची चूक संपादकाने सुधारलेली.

कंसातलं सगळंच हवेतलं असतं असंही नाही. इ. स. पूर्व पाचव्या शतकातले अथेन्सचे बरेच ठराव आलेखाच्या कागदावर लिहावेत तसे कोरलेले आहेत, प्रत्येक अक्षर वरच्या अक्षराच्या बरोबर खाली. त्यामुळे किती अक्षरं गेली ते मोजता येतं. सात घरांत आठ अक्षरांचा शब्द बसत नाही. शिवाय ठरावांची भाषा आपल्या सरकारी परिपत्रकासारखी ठरीव. 'परिषदेला आणि लोकांना असे योग्य वाटले' ही सुरुवात अर्धी जरी उरली, तरी बाकीची डोळे मिटून भरावी. नावं आणि आकडे मात्र असे भरता येत नाहीत.

याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण अथेन्सच्या एपिग्राफिकल म्युझियममध्ये आहे. सिसिलीतल्या एगेस्टा या नगराशी अथेन्सने केलेल्या कराराचा हा झिजलेला दगड. वर्ष ठरवायचं तर त्या सालच्या आर्खोनचं, म्हणजे ज्याच्या नावाने वर्ष ओळखलं जाई त्या अधिकाऱ्याचं, नाव हवं. नावाची शेवटची दोनच अक्षरं स्पष्ट: 'ओन'. हाब्रोन धरला तर इ. स. पू. ४५८, अँटिफोन धरला तर ४१८. चाळीस वर्षांचा फरक, आणि दुसरी तारीख म्हणजे अथेन्सच्या सिसिलीवरच्या मोहिमेच्या जेमतेम तीन वर्षं आधीची. दगडावरचा 'सिग्मा', म्हणजे ग्रीक 'स', तीन रेघांचा होता आणि असा सिग्मा ४४६ च्या सुमारास सरकारी लेखांतून गेला, असा नियम मानला जाई. म्हणून अँटिफोन बादच. हॅरल्ड मॅटिंग्ली १९६१ पासून या नियमावरच शंका घेत होते, फार थोड्यांनी त्यांचं ऐकलं. १९९० मध्ये मॉर्टिमर चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी लेझरचा प्रकाश वापरून अँटिफोन वाचला. वाद त्यानंतरही रंगला, पण आज बहुतेक अभ्यासक ४१८ च मानतात.

आता हाताचं काम. आपल्याकडे शिलालेखावर ओला कागद ठोकून बसवतात आणि वरून शाईचा बोळा फिरवतात. अक्षरं पांढरी राहतात, भोवताल काळा. ग्रीक परंपरेत शाई नाही. जाड फिल्टर पेपर भिजवून दगडावर ठेवायचा, दाट केसांच्या ब्रशने ठोकायचा, वाळला की सोलून काढायचा. मागच्या बाजूला अक्षरं उठून येतात, तीही उलटी. असे हजारो ठसे प्रिन्स्टन आणि ऑक्सफर्डमध्ये जपलेले आहेत, कारण काही दगड नंतर आणखी झिजले. आता ठसा घ्यायला परवानगी सहजी मिळत नाही, पण तिरका धरलेला टॉर्च बरंच काम भागवतो. उंची, रुंदी, जाडी, अक्षराची उंची मोजा. कुठली कड मूळची आणि कुठली फुटलेली ते लिहा. मागची बाजू बघाच. दगड पुढे उंबरठा म्हणून वापरला गेला असेल तर ते तिथे कळतं.

संग्रहात गेलेला दगड सुरक्षित असतो, असा माझाही समज होता. पारोस या ग्रीक बेटावरचा प्रसिद्ध कालपट, म्हणजे घटनांची सालवार यादी कोरलेला दगड, लॉर्ड अरुंडेलच्या संग्रहासाठी १६२७ मध्ये लंडनला आला. जॉन सेल्डन या विद्वानाने तो लगेच वाचून छापला म्हणून बरं, कारण इंग्लंडच्या यादवीच्या काळात त्याचा वरचा भाग गहाळ झाला. धुराड्याच्या दुरुस्तीत वापरला म्हणतात! उरलेला तुकडा ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियनमध्ये आहे. वरच्या भागासाठी सेल्डनचं पुस्तक हाच आधार.

खासगी संग्रहाचा माझा अनुभव संमिश्र आहे. एका घरी दगड बघायला बोलावणं आलं. चहा झाला, दगड देखणा होता. यजमानांनी दोनदा विचारलं, वाचन कधी छापून येईल? मी खरेदीचे कागद मागितले, तर विषय हवापाण्यावर गेला. छापील वाचनाने दगडाचा भाव चढतो, हे मला परतीच्या गाडीत उमगलं. ती टिपणं अजून कपाटातच आहेत. प्राचीन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या १९७० च्या युनेस्को कराराआधी दगड मूळ देशाबाहेर आल्याचा पुरावा नसेल तर हात लावू नका, हा सल्ला मी देते. पण कंदाहारचा मानला जाणारा, सोफितोस नावाच्या माणसाने आपली कहाणी सांगणारा लेखही खासगी संग्रहातूनच पुढे आला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. घराण्याची पडती, परदेशी व्यापार, परतून पूर्वजांच्या समाधीचा जीर्णोद्धार, सगळं अस्सल ग्रीक पद्यात. ओळींची आद्याक्षरं जोडली की 'नारातोसचा मुलगा सोफितोस याच्याकडून'. ही नावं सुभूती आणि नारद असावीत, असं काही अभ्यासक म्हणतात. तो लेख कुणी छापलाच नसता तर बरं झालं असतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भाषांचं म्हणाल तर संस्कृत झालेलं असेल तर ग्रीकमधलं द्विवचन आणि लुङ्सारखा भूतकाळ बघून तुम्ही घाबरणार नाही. शिलालेखांच्या मोठ्या छापील संग्रहांच्या टिपा लॅटिनमध्ये, चर्चा जर्मन-फ्रेंचमध्ये. वाचण्यापुरत्या तरी शिकाव्याच लागतात. अथेन्सच्या लेखांची इंग्रजी भाषांतरं 'अ‍ॅटिक इन्स्क्रिप्शन्स ऑनलाइन'वर फुकट आहेत. ब्रिटनमधल्या संग्रहांतले अथेनियन लेखही तिथे एकेक करून येतात. नोकऱ्या मोजक्याच आहेत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि अथेन्सचं तिकीट काढण्याआधी कार्ल्याला जाऊन या. चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीकांची, दानं ब्राह्मीत कोरलेली आहेत, त्यातल्या एकाचं नाव सिहधय. ग्रीक अक्षर एकही नाही, पण आत अंधार पुरेसा आहे. टॉर्च आधी समोरून मारा, मग खांबाला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा, आणि वहीत अक्षरं उतरवताना जे दिसलं नाही तिथे चौकोनी कंस घालून आत काहीच लिहू नका.