आधी नाणी मोजा, मग रागवा

सहकारी बँकेच्या अंतर्गत तपासणी खात्यात मी चोवीस वर्षं काढली. शाखेचं शटर वर जायच्या आत दारात उभं राहायचं आणि मॅनेजरने चहा सांगायच्या आत रोकड मोजायला घ्यायची, हे काम. आता कर्वेनगरला सोसायटीतल्या लोकांची रिटर्न भरून देते. भाचा सुमेध हिंजवडीला नोकरीला आहे. त्याच्या नादाने एका ऑनलाइन एक्स्चेंजवर, म्हणजे आभासी नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या आणि ती सांभाळणाऱ्या कंपनीकडे, थोडं बिटकॉइन आणि थोडं इथर घेतलं होतं. एका शुक्रवारी रात्री साडेदहाला त्याचा फोन.

"मावशी, आपलं एक्स्चेंज हॅक झालंय. विड्रॉवल बंद आहे. काय करू?"

"मोज."

"काय मोजू? बंद आहे म्हणतोय ना!"

एक्स्चेंज लहानसं होतं. नाव लिहीत नाही. एकोणीस दिवसांनी का होईना, आमचं सगळं परत मिळालं. त्या दिवसांत आम्ही जे केलं आणि जे करायला हवं होतं पण सुचलं नाही, ते लिहिते आहे.

चोरी कुणाच्या घरात झाली?

हे पहिलं ठरवा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो. फक्त तुमच्या खात्यातून नाणी गेली असतील तर ती तुमच्याकडची चोरी. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, एक्स्चेंजला मेल. तिथे मिनिटं महत्त्वाची. पण एक्स्चेंजचंच वॉलेट, म्हणजे सगळ्यांची नाणी ठेवलेली डिजिटल तिजोरी, फुटलं असेल तर तुम्ही घेणेकरी झालात, हजारो लोकांच्या रांगेतले एक. रांगेत धावून उपयोग नसतो. हातात कागद कोणता आहे, एवढंच विचारलं जातं.

मोजायचं कसं

सुमेधने मला पहिला आकडा सांगितला तो रुपयांत. मी म्हटलं, ती किंमत झाली, शिल्लक सांग. ०.०१२६ बिटकॉइन, ०.३१ इथर, अमुक इतके रुपये न गुंतवलेले. असं लिहायचं. नाण्यांची संख्या तुमची असते, भाव बाजाराचा. जपानचं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडालं तेव्हा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत लोकांचे दावे त्या वेळच्या भावाने, म्हणजे एका बिटकॉइनला सुमारे ४८३ डॉलर धरून, बांधले गेले. नंतर भाव कुठल्या कुठे गेला. प्रक्रिया बदलून घ्यायला घेणेकऱ्यांना २०१८ उजाडलं, आणि नाणी प्रत्यक्ष हातात पडायला सुरुवात झाली ती जुलै २०२४ मध्ये. दहा वर्षांनी तुमच्या बाजूने बोलणार तो तुम्ही आज काढून ठेवलेला कागद.

म्हणून अ‍ॅप उघडत असेल तोवर सगळं उतरवून घ्या. शिल्लक पानाचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे. पहिल्या दिवसापासूनच्या व्यवहारांची फाइल डाउनलोड करा. बाहेरून नाणी आणली असतील तर त्या व्यवहाराचा हॅश, म्हणजे नोंदीचा क्रमांक. बँकेचं स्टेटमेंट. आणि एक गोष्ट जी तरुण मंडळींना सुचत नाही: जुलै २०२२ पासून एक्स्चेंज तुमच्या विक्रीवर एक टक्का टीडीएस कापतं, तो आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-कपातीच्या नोंदीत, म्हणजे २६एएसमध्ये, दिसतो. म्हणजे तुम्ही त्या एक्स्चेंजचे ग्राहक होता याची नोंद सरकारदरबारीच आहे. ती काढून ठेवा. हे सगळं मेलवर स्वतःलाच पाठवा, एक प्रिंट घ्या. आमची फाइल पावणेबारापर्यंत तयार होती. पावणेएकला अ‍ॅप उघडायचंच बंद झालं.

फोन येतील

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सुमेधला "सपोर्ट"मधून फोन. त्याचं पूर्ण नाव माहीत, खात्याचे शेवटचे चार आकडे माहीत, भाषा गोड. रिफंडसाठी स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाका म्हणाला. एवढी माहिती आहे म्हणजे कंपनीचाच माणूस, असं सुमेधला वाटलं. त्यात त्याची चूक नाही. पण मे २०२५ मध्ये कॉइनबेससारख्या मोठ्या अमेरिकी कंपनीने जाहीर केलं की परदेशातल्या सपोर्ट कर्मचाऱ्यांना लाच देऊन ग्राहकांची माहिती बाहेर काढली गेली. तुमची माहिती असणं ही ओळख नव्हे. फोन ठेवायचा, आणि काय विचारायचं ते अ‍ॅपमधून तिकीट टाकून विचारायचं.

टेलिग्रामवर "नाणी परत मिळवून देतो" म्हणणारे तज्ज्ञही भेटतील. पुणेकरांनी तरी यांना भुलू नये. गेनबिटकॉइन या गुंतवणूक घोटाळ्याच्या तपासात पुणे पोलिसांनी तांत्रिक मदतीला घेतलेल्या दोघांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली, जप्तीतली नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून. पोलिसांच्या टेबलावर बसलेल्यांवर असा आरोप होतो, तर टेलिग्रामवरच्या बिनचेहऱ्याच्या माणसाचं काय सांगावं?

त्याच दिवशी दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथेही बदला. ओटीपी एसएमएसवर येत असेल तर ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर न्या. जोडलेल्या एपीआय की, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरला खातं वापरायला दिलेल्या किल्ल्या, काढून टाका. आणि त्या एक्स्चेंजच्या जुन्या डिपॉझिट पत्त्यावर नवं काही पाठवू नका. सुमेधची दर सोमवारची खरेदी आपोआप व्हायची, ती बंद करायला आम्ही विसरलो. आगीत तेल नव्हे, पण दोन हजार रुपये ओतलेच.

किल्ल्या कुणाकडे होत्या?

माझं खरं म्हणणं इथे आहे. हॅकनंतर कंपनीचे संचालक काय बोलतात ते मी ऐकत नाही. किल्ल्यांचा हिशेब विचारते.

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे. एकट्याला दार उघडता येत नाही. एक्स्चेंजमधलं मल्टिसिग वॉलेट म्हणजे हेच: सहापैकी चार सह्या झाल्या तरच पैसे हलणार. ऐकायला भक्कम. पण मी तपासणीत काय पाहिलंय ते सांगते. एका शाखेत गर्दीच्या दिवशी दुसरा अधिकारी काउंटरवरून मान न वळवता व्हाउचरवर सही करायचा. वरचा कागद ओळखीचा, म्हणजे खालचाही ठीकच असणार. मी त्याच्यासमोर एक कोरं व्हाउचर सरकवलं. त्यावरही सही झाली! चेहरा पडला बिचाऱ्याचा. दोन किल्ल्या होत्या, दोन माणसं होती, नजर मात्र एकाचीही नव्हती.

वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या बाबतीत १८ जुलै २०२४ ला सुमारे २३ कोटी डॉलर गेले. त्या वॉलेटच्या सहा किल्ल्या होत्या: पाच वझीरएक्सकडे, एक लिमिनल या कस्टडी, म्हणजे नाणी सांभाळून देणाऱ्या, कंपनीकडे. वझीरएक्सच्या प्राथमिक खुलाशानुसार पडद्यावर दिसत होतं एक आणि सह्या झाल्या दुसऱ्याच व्यवहारावर. लिमिनलने दोष आपल्याकडे नसल्याचं सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलरचं इथर गेलं, तेही याच वाटेने. वॉलेटचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या 'सेफ' या कंपनीच्या एका डेव्हलपरचं मशीन फोडलं होतं. सही करणाऱ्यांना पडद्यावर बरोबर पत्ता दिसत होता आणि सही भलत्यावर होत होती.

तेव्हा एक्स्चेंजला विचारायचा प्रश्न "तुमच्याकडे मल्टिसिग आहे का" हा नव्हे. सही करणारा माणूस व्यवहार कुठे वाचतो, त्याच पडद्यावर की वेगळ्या यंत्रावर? मोठी रक्कम हलण्याआधी थांबा आहे का? इंटरनेटला जोडलेल्या हॉट वॉलेटमध्ये एकूण नाण्यांचा किती हिस्सा ठेवता? मी हे मेलवर विचारलं. पहिलं उत्तर छापील आलं. तिसऱ्या मेलला एका माणसाने सरळ लिहिलं. माझा थोडा विश्वास बसला तो त्या मेलमुळे, संचालकांच्या व्हिडिओमुळे नव्हे.

खड्डा कुणाच्या खिशातून भरला?

पुण्याला हॅक नवा नाही. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार. कॉसमॉस बँकेच्या क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेवरून १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण चोरी ९४ कोटींच्या वर. त्या आठवड्यात आमच्याही काउंटरवर लोक पासबुक भरायला गर्दी करत होते, बँक वेगळी असूनही. पण कॉसमॉसच्या ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, आणि ठेवींवर विमा असतो, आज तो पाच लाखांपर्यंत आहे. एक्स्चेंजवरच्या नाण्यांना असा विमा नाही. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते, ती जरूर तपासा. पण ती काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी आहे, तुमच्या भरपाईची हमी नव्हे.

म्हणून कंपनीने खड्डा कसा भरला ते बघायचं. २०१६ मध्ये हॅकनंतर बिटफिनेक्स या एक्स्चेंजने सगळ्याच ग्राहकांच्या शिलकीतून ३६ टक्के कापले, बदल्यात टोकन, म्हणजे देणं असल्याच्या डिजिटल चिठ्ठ्या, दिली आणि एप्रिल २०१७ पर्यंत ती फेडली. जपानच्या कॉइनचेकने २०१८ मध्ये स्वतःच्या पैशातून भरपाई दिली, पण येनमध्ये, नाण्यांत नव्हे. बायबिटने विड्रॉवल बंदच केलं नाही. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या भारतीय एक्स्चेंजचे ४.४ कोटी डॉलर गेले, ते कंपनीच्या अंतर्गत खात्यातून, आणि तोटा कंपनीने अंगावर घेतला. पण आधी बाहेरच्या एका ऑनलाइन शोधकाने बोट दाखवलं, मग कंपनी बोलली. ही गोष्ट मी माझ्या वहीत वेगळ्या रकान्यात लिहून ठेवली आहे. किती गेलं याइतकंच कधी सांगितलं हे महत्त्वाचं.

अटी-शर्तींचं ते लांबलचक पान एकदा तरी वाचा, निदान शेवटची दोन कलमं. करार कोणत्या देशातल्या कंपनीशी आहे आणि भांडण कोणत्या कोर्टात जाईल. वझीरएक्सच्या ग्राहकांचा निकाल सिंगापूरच्या हायकोर्टात लागला आणि एक्स्चेंज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं. शिवाजीनगरच्या कोर्टाची पायरी चढायची तयारी ठेवणाऱ्या माणसाने सिंगापूरला कुठे जायचं?

राखीव निधीचा पुरावा, म्हणजे प्रूफ ऑफ रिझर्व्ह, दाखवून कंपन्या सुटायला बघतात. बघा, आमच्या वॉलेटमध्ये एवढी नाणी आहेत. छान. पण ग्राहकांचं देणं किती? एका पतसंस्थेत तपासणीच्या दिवशी तिजोरी भरलेली सापडली आणि नोटांच्या बंडलांना शेजारच्या धान्य व्यापाऱ्याच्या रबरांच्या खुणा होत्या. रोकड उसनी आणली होती. देणं-घेणं एकाच दिवशीचं, बाहेरच्या माणसाने तपासलेलं आणि त्यात तुमची स्वतःची शिल्लक शोधता येईल असं असेल तरच तो पुरावा.

घरी न्यायचं तर

विड्रॉवल उघडल्यावर लोक सगळं एका दमात काढतात आणि नाणं ज्या नेटवर्कवरून पाठवायचं तेच चुकीचं निवडून बसतात. आधी छोटी रक्कम पाठवा, पोहोचली की उरलेली. काही अ‍ॅपवर नाणं बाहेर नेताच येत नाही, फक्त विकून रुपये मिळतात, आणि विकलं की नफ्यावर तीस टक्के कर. तोटा दुसऱ्या कशातून वजाही होत नाही. हे खातं उघडण्याआधी बघायचं.

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे नाण्यांची किल्ली स्वतःकडे ठेवणारं छोटं यंत्र, घेतलंत तर ती किल्ली परत मिळवून देणारे चोवीस इंग्रजी शब्द जपणं आलं. फोटो काढायचा नाही, मेलमध्ये ठेवायचा नाही. कागदावर लिहा म्हणतात. पण माझं माहेर नारायण पेठेतलं, १९६१ च्या पानशेतच्या पुरात घरातला एकही कागद वाचला नाही हे ऐकत मी वाढले. मी बोहरी आळीतून अक्षरांचे पंच आणि स्टीलची पट्टी आणली, आणि एका रविवारी दुपारी हातोडीने प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं स्वतः ठोकली. चारच पुरतात, हे शब्द ज्या ठरावीक यादीतून येतात तिच्यातले कोणतेही दोन शब्द पहिल्या चार अक्षरांत सारखे नसतात. खालच्या मजल्यावरचे जोशीकाका विचारायला आले, मावशी, दुपारी एक ते चार काय चाललंय? पट्टी लॉकरमध्ये आहे. कुठल्या ते सुमेधलासुद्धा अजून सांगितलेलं नाही, मृत्युपत्रात लिहिलंय.

थोडी नाणी अजून एक्स्चेंजवर आहेत, त्याच लहानशा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी पाचशे रुपयांची नाणी माझ्या वॉलेटवर काढते आणि किती वेळ लागला ते वहीत लिहिते. काढताना फी जाते, पण विक्री नसल्याने टीडीएस नाही. गेल्या पाच नोंदी: अकरा मिनिटं, नऊ, चौदा, बारा, आणि या महिन्यात दोन तास चाळीस मिनिटं. कारण विचारणारा मेल टाकला आहे. सोमवारी संध्याकाळपर्यंत माणसाचं उत्तर आलं नाही तर उरलेलं सगळं काढून घेणार, सुमेधला तसं सांगून ठेवलंय.