माळवदापासून सुरू झालेला पोर्टफोलिओ

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आलेली लातूर-धाराशिवकडची पोरं मला हमखास विचारतात, "दादा, पोर्टफोलिओत इन्स्पिरेशनच्या पानावर काय लावू?" माझ्या पानावर परदेशी इमारतींचे फोटो होते. "यातला जिना कुठून चढतो?" असं सरांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. मग ते पान फाडलं आणि आजोळापासून सुरुवात केली.

आजोळ औशाजवळ. दोन-अडीच हात जाड दगडी भिंती, वर लाकूड, त्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात आम्ही सगळे वर झोपायचो. वरून गल्ली दिसायची, गल्लीतून आम्ही दिसायचो नाही. मला मुलं आवडतात हे सोळाव्या वर्षी कुणापाशी बोलता येत नव्हतं, तेव्हा एकटं बसायला तेवढीच जागा होती.

पुढे समलिंगी चित्रकार भूपेन खख्खर यांचं 1981 मधलं 'यू कान्ट प्लीज ऑल' हे चित्र पाहिलं. बाल्कनीत एक उघडा माणूस उभा आहे आणि समोर बाप, लेक आणि गाढवाची आपल्या सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट चालली आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती बाल्कनी म्हणजे माझं माळवदच होतं. चित्र बघताना रंगांबरोबर हेही बघा, की चित्रकारानं माणूस कुठल्या कठड्याशी, कुठल्या दारात उभा केलाय. 'साबर बोंडं' हा मराठी सिनेमाही तसाच बघा. बापाच्या सुतकात गावी आलेला आनंद घरात कुठे बसतो, बोलायला कुठे बाहेर पडतो, हे वहीत काढा.

सुनील गुप्ता यांची 1980 च्या दशकातली 'एक्झाइल्स' ही फोटोमालिका मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. दिल्लीतले समलिंगी पुरुष इंडिया गेटसारख्या सगळ्यांच्या ओळखीच्या ठिकाणी उभे आहेत, पण कित्येकांचे चेहरे दिसत नाहीत. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 लागू होतं. ते बघून मी बीबी का मकबऱ्यात गेलो आणि घुमट सोडून माणसं काढली: सकाळी सावली कुठे, दोन मित्र कुठे टेकून बसतात, पहारेकरी आला की कुठे सरकतात. ती शीट माझी सगळ्यात चांगली ठरली. अनोळखी माणसांचे फोटो मात्र काढू नका, रेखाटन पुरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालानं कायदा बदलला, पण घरोघरचं भय अजून गेलेलं नाही.

वेरूळला मंगळवार सोडून जा. दहाव्या लेण्यात मान वर केलीत की दगडात कोरलेले लाकडी वासे दिसतील. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात.

आणि जे आवडतं त्याचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढाच. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात अशीच घरं माणसांवर कोसळली. भिंतीचे दोन पदर एकमेकांत बांधणारे लांब दगड नव्हते, सांधायला नुसती माती आणि डोक्यावर माळवदाचा भार. ज्या घरानं मला आडोसा दिला, त्या घरात आजी त्या पहाटेनंतर कधी झोपली नाही. अंगणातल्या पत्र्याखाली झोपायची. मी टेप घेऊन मापं घेत होतो तेव्हा तिनं काठीनं एक कोपरा दाखवला, "हितला दगड आधी हलला बघ." सेक्शनमध्ये तो दगड मी लाल शाईनं काढलाय.