अ‍ॅक्वापोनिक्सचा सायफन छापताना
घरच्या अ‍ॅक्वापोनिक्ससाठी (माशांच्या पाण्यावर झाडं वाढवायची पद्धत) बेल सायफन, म्हणजे झाडांच्या कुंडातलं पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उपसणारी, वर घंटेसारखी टोपी असलेली नळी, थ्रीडी प्रिंटरवर छापणार असाल, तर पीईटीजी प्लास्टिक घ्या. पीएलए हे छपाईचं दुसरं प्लास्टिक साधारण 60 अंशांना मऊ पडतं, उन्हात तापून वाकतं. घंटेच्या भिंतीला निदान चार थर द्या, कारण बारीक फटीतून हवा शिरली की सायफन धड सुरूच होत नाही, पाणी नुसतं झिरपत राहतं. छापलेली घंटा तोंड खाली करून पाण्यात दाबा. बुडबुडे निघतील ती जागा मत्स्यालयाच्या सिलिकॉनने बुजवा. तांब्या-पितळेचे स्क्रू अजिबात नकोत, तांबं माशांना घातक असतं.

आणि कृपया मासे सोडायची घाई करू नका! अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला बहुधा 4 ते 6 आठवडे जातात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की मगच सोडा.