मधुमेहाच्या गुंतागुंतीत घरपोच काळजी सेवेसाठी पात्र ठरायचे असेल तर

घरी येऊन मिळणाऱ्या काळजी सेवेसाठी अर्ज करताना बहुतेक रुग्ण सर्वांत आधी रक्ततपासणीचे अहवाल गोळा करतात, परंतु पात्रता ठरवताना त्या अहवालांना सहसा दुय्यम स्थान मिळते. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ टक्के आहे की १० टक्के, यावरून त्या माणसाला स्वतःच्या हाताने आंघोळ करता येते की नाही हे कळत नाही, आणि सेवा मंजूर करणाऱ्याला नेमके तेच जाणून घ्यायचे असते. सरकारी योजना असो, विमा असो वा एखादी सेवाभावी संस्था, नियम ठिकठिकाणी वेगळे असतात. तरीही मूळ प्रश्न बहुधा एकच असतो: रोजची कोणती कामे दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नाहीत, आणि ती मदत मिळाली नाही तर काय होते?

या कामांची जी यादी आज अनेक ठिकाणी वापरात आहे, तिचे मूळ सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत आहे. आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवणे ही त्यातील सहा कामे होत. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी दुसरी यादी दिली. तिच्यात स्वयंपाक, खरेदी, घरकाम, कपडे धुणे, फोन, प्रवास, पैशांचे व्यवहार आणि वेळच्या वेळी औषधे घेणे यांचा समावेश आहे. मधुमेहाच्या रुग्णाची अडचण इथेच सुरू होते. त्याचा सर्वांत मोठा भार औषधे, इन्सुलिन आणि जेवणाच्या वेळा यांवर पडतो, म्हणजे दुसऱ्या यादीवर. आणि पुष्कळ ठिकाणी वजन पहिल्या यादीला असते. त्यामुळे प्रत्येक गुंतागुंत पहिल्या यादीतील कोणत्या कामाला अडवते, हे अर्जात आपणच दाखवून द्यावे लागते.

चेतातंतूंना इजा झाली असेल तर 'पाय बधिर आहेत' एवढे लिहून भागत नाही. बधिर पायाला पाणी किती गरम आहे हे कळत नाही, म्हणून आंघोळीचे पाणी दुसऱ्याने तपासावे लागते; पाऊल कुठे पडले हे न जाणवल्याने ओल्या फरशीवर तोल जातो; बोटांची संवेदना गेल्यास सदऱ्याची बटणे लागत नाहीत. उठून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरत असेल, तर ती नोंद डॉक्टरांकडून जरूर घ्यावी, कारण खाटेवरून उठताना कोणीतरी शेजारी का असावे लागते, याचे उत्तर त्या आकड्यात असते. दृष्टिपटलाच्या विकारातही हेच लागू पडते. चष्म्याच्या नंबरापेक्षा इन्सुलिनच्या पेनवरील आकडे वाचता येतात का आणि तळपायावरची ताजी जखम दिसते का, हे सांगणे अधिक उपयोगाचे ठरते.

पायाच्या जखमेबाबत तर प्रश्नच फसवा असतो. 'चालता येते का?' असे विचारल्यावर रुग्ण सरळपणे 'हो' म्हणतो, आणि ते खरेही असते. पण डॉक्टरांनी त्या पायावर भार टाकू नये असे सांगितलेले असते, आणि प्रत्येक पावलागणिक जखम भरण्याचे काम मागे पडते. संवेदना गेलेली असल्याने दुखत नाही, म्हणून रुग्ण तक्रारही करत नाही. मूल्यमापन करणाऱ्यासमोर एक शांत, हसतमुख माणूस बसलेला असतो. अशा वेळी 'चालता येते, पण वैद्यकीय सल्ल्यानुसार चालायचे नाही' असे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि तो सल्ला लेखी जोडावा. एखादे काम सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत करता येत नसेल, तर ते 'करता येते' असे म्हणण्यात अर्थ नाही.

रक्तातील साखर अचानक उतरण्याचा मुद्दा बहुतेक अर्जांत अर्ध्या ओळीत संपतो, हे मला फार खटकते. साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यावर घाम, थरथर, धडधड अशा सूचना मिळायला हव्यात. मधुमेह जुना झाला की काही रुग्णांना त्या मिळेनाशा होतात. शुद्ध हरपू लागलेल्या माणसाला स्वतः साखर घेता येत नाही आणि साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉन या संप्रेरकाचे इंजेक्शनही दुसऱ्यानेच द्यावे लागते. म्हणजे येथे हवी असते ती देखरेख. देखरेख, आठवण करून देणे, शेजारी उभे राहणे आणि प्रत्यक्ष हात लावून केलेली मदत हे चार वेगळे प्रकार आहेत, आणि अर्जात ते वेगळेच लिहावेत. असे प्रसंग कधी घडले, ग्लुकोमीटरवर आकडा किती होता आणि कोणी सावरले, याची तारीखवार नोंद जोडावी.

अर्जापूर्वी किमान दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. 'आंघोळीला मदत लागते' या वाक्याने फारसे काही सिद्ध होत नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'सकाळी मुलीने पाणी तपासले, मला स्टुलावर बसवले, पाठ व पाय धुतले, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळपाय पाहिले, पाऊण तास लागला, उठताना चक्कर आली.' डायलिसिस चालू असेल तर आठवड्याचे चित्र द्यावे, कारण साधारणतः आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तासांच्या उपचारानंतर रुग्ण गळून जातो आणि त्या दिवसाची गरज इतर दिवसांपेक्षा कितीतरी अधिक असते. वाईट दिवस किती येतात हे प्रामाणिकपणे सांगावे. फुगवून सांगितलेली गरज पुढच्या पाहणीत उघडी पडते.

डॉक्टरांच्या पत्रात निदानाबरोबर त्याचा कामांवर होणारा परिणाम, तो किती काळ राहील आणि सेवा न मिळाल्यास संभवणारा धोका, हे तिन्ही असावे. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, म्हणून वहीतील नोंदींचे एक पान त्यांना आधीच द्यावे. जखमेचे ड्रेसिंग किंवा इन्सुलिन देणे हे बऱ्याच ठिकाणी परिचारिकेचे काम धरले जाते, तर आंघोळ व कपडे हे मदतनिसाचे; दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज लागतात का, हे आधीच विचारून घ्यावे.

पाहणीच्या दिवशी घर मुद्दाम आवरून, नीटनेटके कपडे घालून बसण्याची आपली सवय अर्जाच्या मुळावर येते. आधार देणारा कठडा, स्टूल, औषधांचा डबा जिथे असतात तिथेच राहू द्यावेत आणि रोज मदत करणाऱ्या नातेवाइकाने हजर असावे. 'मी आहे ना, सगळे निभावते' असे त्या नातेवाइकाने म्हटले, तर गरज भागलेली आहे अशी नोंद होण्याची दाट शक्यता असते. आपण काय करतो, किती वेळ करतो आणि त्यातले काय यापुढे जमणार नाही, हे तिने किंवा त्याने सांगावे.

नकार आल्यास कारण लेखी मागावे आणि फेरविचाराची मुदत आधी पाहावी. कोणत्या कामात 'स्वावलंबी' अशी नोंद झाली हे शोधून त्याच कामापुरता नवा पुरावा जोडावा. मंजुरी मिळाल्यावरही वही बंद करू नये, कारण पुनर्मूल्यमापन होते, आणि नवी जखम, बोट किंवा पाय काढण्याची शस्त्रक्रिया, डायलिसिसची सुरुवात यांपैकी काहीही घडले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता सेवेच्या तासांची फेरआखणी मागता येते का, हे लगेच विचारावे.